जाईबाईचे सहा शनिवार

फी परत मिळणार नव्हती म्हणून मी कॉलेजात गेले. कारण एवढंच. उगाच मोठेपणा सांगणारी बाई मी नाही.

झालं असं, की ताथवड्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजने पैसेवाल्या घरांसाठी कोर्स काढला. सहा शनिवार. घरची संपत्ती कशी सांभाळायची, पुढच्या पिढीकडे कशी द्यायची, भावाभावांत कोर्टकचेरी कशी होऊ द्यायची नाही, असं सगळं. अट अशी, की एका घरातून दोघं पाहिजेत आणि दोन पिढ्यांचे पाहिजेत. आमच्या विक्कीने स्वतःचं आणि त्याच्या पप्पांचं नाव घातलं. आणि कोर्स सुरू व्हायच्या आठ दिवस आधी पप्पा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दोन महिने वॉकर.

तेव्हा पोराला आई आठवली.

"आई, तू चल. तुला काही बोलायचं नाहीये. नुसतं बसायचं. नाश्ता चांगला असतो."

"नुसतं बसायला मी काय साडीच्या दुकानातली बाहुली आहे का रे?"

"सीट वाया जाईल गं. आणि तसंही शेवटच्या शनिवारी तुझी सही लागणारच आहे."

सही कशाची, ते त्याने गाडीत सांगितलं. चाकणला महाळुंग्यात आमचा कारखाना आहे, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो आम्ही. जाई प्रेस पार्ट्स. दीडशे माणूस कामाला. तर त्या कंपनीतले साठ टक्के शेअर माझ्या नावावर होते, बाकीचे त्याच्या पप्पांच्या. ते विक्कीला बक्षीसपत्राने द्यायचे, आणि त्याबरोबर घराची एक घटना लिहायची, कोणाला काय, कोणी काय ठरवायचं. सहाव्या शनिवारी सगळ्या घरांनी तिथे आपापल्या घटनेवर सह्या करायच्या, फोटो, सर्टिफिकेट, जेवण. मी म्हणलं, बरं. अहो, तीस वर्षं मी बरं बरं म्हणत आले होते. जिथे बोट ठेवतील तिथे सही करायची. माझं नाव कागदावर होतं, पण ते मला माझं वाटतच नव्हतं.

ते नाव तिथे कसं गेलं ते सांगते. आमचे हे, भीमराज, पिंपरीत एका मोठ्या कंपनीत पर्मनंट होते. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही, पस्तीस वर्षं संसार केलाय. पर्मनंट कामगाराने बाहेर धंदा करायचा नाही असा तेव्हा नियम. पण हातात कसब असलेला माणूस गप्प बसतोय का? मग सगळ्यांनी एकच शक्कल काढली. भोसरीत शेड भाड्याने घ्यायची, आणि लायसन्स, बँक, सगळं बायकोच्या नावावर. आमच्या गल्लीत तुम्ही नुसते बोर्ड वाचत गेलात तर वाटेल बायकांचंच राज्य आहे. मंजुळा इंजिनिअरिंग, शालिनी टूल्स, गौहर ग्राइंडिंग. आणि आत डोकावलं तर एक बाई दिसायची नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आमची गत.

पहिल्या शनिवारी गेले. एसी एवढा, की पदर कानावरून घ्यावा लागला. पंचवीस-तीस माणसं. कोणाचे कारखाने, कोणाची हॉटेलं, कोणाच्या जमिनी रिंगरोडला गेलेल्या. माझ्या शेजारी मोशीचे अर्जुनराव बसले होते, पांढरा कडक शर्ट, हातात चार अंगठ्या. मला म्हणाले, "ताई, पैसा आला तवा कुणी शिकवाया आलं न्हाई. आता जायला लागलाय तर समदे गुरुजी झाल्यात."

मला माणूस आवडला.

शिकवायला साबिया मॅडम. साबिया तांबोळी. पन्नाशीच्या आतल्या, साध्या कॉटनच्या ड्रेसात, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी आधीच सांगून टाकलं, माझ्या वडिलांचं पिंपरी कॅम्पात स्पेअर पार्टचं दुकान होतं, चार भाऊ भांडले आणि दुकानाला कुलूप लागलं, म्हणून मी हे शिकले. मग त्यांनी जमिनीवर रंगीत टेपने तीन मोठे गोल काढले, एकात एक थोडे घुसलेले. एक गोल घरच्यांचा, एक मालकांचा, एक कामाला जाणाऱ्यांचा. म्हणाल्या, आपापल्या जागी जाऊन उभे राहा.

विक्की टेचात मधोमध जाऊन उभा राहिला, तिन्ही गोल जिथे मिळतात तिथे. मी कडेला, घरच्यांच्या गोलात. तिथे बायकांची गर्दीच होती.

मॅडमच्या हातात सगळ्या कंपन्यांचे कागद होते, आधी मागवलेले. त्यांनी चष्मा वर केला, कागद बघितला, मला बघितलं.

"जाईबाई, तुम्ही चुकीच्या ठिकाणी उभ्या आहात."

मला वाटलं, काही पायाखाली आलं की काय. मी मागे सरकले.

"मागे नाही, पुढे या. मालकांच्या गोलात. साठ टक्के तुमचे आहेत. आणि विक्रांत, तुम्ही त्या गोलातून बाहेर या. तुमच्या नावावर एकही शेअर नाही."

हॉलमध्ये हसू फुटलं. विक्कीही हसला, पण कान लाल झाले. "मॅडम, ते फक्त कागदावर आहे."

"कायद्याला कागदच कळतो. उद्या तुमच्या कारखान्यात काही बरंवाईट झालं, तर पहिली नोटीस कोणाच्या नावाने येईल, ते विचारून बघा तुमच्या सीएंना. नुसता नफा मालकाचा नसतो. झालेलं नुकसानही मालकाचंच असतं."

मी मालकांच्या गोलात उभी राहिले. माझ्या बाजूला अर्जुनराव होते. ते हळूच म्हणाले, "या, बसा म्हणायला खुर्ची न्हाई बघा इथं." सगळे हसत होते, पण मला हसू येईना. बरंवाईट म्हणजे काय, हे माझ्या डोक्यातून जाईचना. तिथे काय होतं, काय नाही, मला काय ठाऊक? मी चौदा एप्रिलला कारखान्यात जायची, पेढे वाटायची आणि यायची. एवढीच मी मालकीण.

घरी येऊन भीमराजांना विचारलं, "अहो, आपल्याकडे प्रेसवर कोणाला लागलं-बिगलं तर नाही ना?"

ते टीव्ही बघत होते. "अगं कारखाना आहे. खरचटायचंच."

"मी येऊन बघू?"

"तू काय बघणार तिथे?"

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बघणार? दुसरा शनिवार झाला, त्यात गुंतवणूक, म्युच्युअल फंड, विमा असलं काय काय शिकवलं. मी वही काढून सगळं लिहून घेतलं, कळलं नाही तिथे हात वर केला. विक्की मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. तिसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "तुमच्या संपत्तीला सगळ्यात मोठा धोका कशापासून आहे, ते प्रत्येकाने स्वतः जाऊन शोधायचं आणि पुढच्या वेळी सांगायचं. इंटरनेटवर नाही. पायाने जाऊन."

विक्कीने गाडीत बसल्या बसल्या उत्तर काढलं. "चायनाचा माल. लिहून टाकू."

 मंगळवारी सकाळी रिक्षा केली आणि एकटी महाळुंग्याला गेले. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत पाऊण तास अडकले. तो पाऊण तास मला वाटत होतं, जणू चोरी करायला निघालेय. स्वतःच्याच कारखान्यात!

गेटवरच्या वॉचमनने अडवलं. "कोणाकडे जायचंय, मावशी?" बिचाऱ्याचा काय दोष? मी पिंकीला फोन केला. पिंकी माझी धाकटी, डिप्लोमा मेकॅनिकल, आठ वर्षांपासून तिथेच क्वालिटीला आहे. लग्न झालं तरी कामाला येते, पगारावर. ती धावत आली, आणि मला बघून तिचा चेहराच उतरला.

"आई, तू? पप्पांना काही झालं का?"

"पप्पा ठणठणीत आहेत. मला प्रेस दाखव."

बावीस प्रेस रांगेत. धाड, धाड, धाड. जमीन हादरत होती. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पिवळे खांब. मी विचारलं, हे काय. पिंकी म्हणाली, "सेन्सर. हात आत गेला की प्रेस जागेवर थांबते."

"मग ती बाई बघ, तिचा हात आत आहे आणि मशीन चालूच आहे."

पिंकी खाली बघायला लागली. मग म्हणाली, "बंद ठेवलेत, आई. किल्ली फिरवून. सेन्सर चालू असला की तासाला शंभरएक पीस कमी निघतात. कस्टमरचं ऑडिट असलं की चालू करतात. ते लोक गेले की बंद."

"तू बोलली नाहीस?"

"अकरा मेल केलेत दादाला. तो म्हणतो, सगळ्या चाकणमध्ये असंच चालतं."

"आणि मला?"

"पप्पा म्हणाले, आईला बीपी आहे, तिला काही सांगू नका."

मला बीपी आहे! घरभर सगळ्यांना माझ्या बीपीची केवढी काळजी! मी पुढे निघाले तर कडेला एक बाई झाडू मारत होती. पाठमोरी. पण ती कंबर थोडी तिरकी ठेवून झाडायची लकब मी ओळखली. शालन! नेहरूनगरची शालनबाई. आमच्या जुन्या खोलीच्या भिंतीला भिंत. भोसरीच्या शेडमध्ये माझ्याबरोबर कामाला होती ती, अगदी पहिल्या दिवसापासून.

"शालन! अगं तू प्रेसवर होतीस ना? झाडू कधीपासून?"

ती वळली. उजवा हात तिने पदराखाली घेतला, पण मी बघितलं. मधली दोन बोटं निम्मी गेलेली. टोकं अजून लाल होती.

"पोळ्यापासनं," ती म्हणाली. "बसा न मालकीणबाई. खुर्ची आणू का?"

"मालकीणबाई काय गं? मी जाई आहे!"

"ते मला म्हाईत हाय. तुझ्या नावाचा बोर्ड लावलाय न बाहेर, रोज वाचते आत येताना."

मला तिथेच रडू कोसळलं. खोटं कशाला सांगू. ती रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. म्हणाली, "दवाखान्याचा खर्च दिला विक्कीनं. झाडायला ठेवलं. दुसरीकडं तेवढंबी करीत न्हाईत." आणि पुढे झाडत गेली. मला वाटलं, तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या शनिवारी वर्गात एकेकाने आपला धोका सांगितला. कोणी टॅक्स म्हणालं, कोणी सून म्हणालं. अर्जुनराव म्हणाले, माझाच मुलगा. विक्की उठला आणि चायनाचा माल म्हणाला. मग मी उभी राहिले. आणि तोंड सुटलं.

"आमचा धोका म्हणजे आम्ही स्वतः. आमच्याकडे बायकांची बोटं तुटतात, आणि ती तुटू नयेत म्हणून लावलेलं सेन्सर आम्हीच बंद करून ठेवतो. मी साठ टक्के मालकीण आहे. म्हणजे शालनची दोन बोटं माझ्या खात्यात आहेत."

विक्की उठून बाहेर गेला.  साबिया मॅडम एवढंच म्हणाल्या, "जाईबाई, हे तुम्ही लिहून काढा. घटनेत घाला."

घरी रणकंदन झालं. विक्कीचं म्हणणं, तू माझी इज्जत काढलीस, तिथे माझे दोन कस्टमर बसले होते. भीमराजांचं म्हणणं, घरातली गोष्ट घरात ठेवायची असते. मी म्हणलं, मग घरात तरी सांगायची होती. पाचव्या शनिवारी विक्कीने घटनेचा मसुदा आणला, वकिलाकडून छापून, स्पायरल बाइंडिंग केलेला. मला म्हणाला, "आई, जे झालं ते झालं. सेन्सरचं मी बघतो पुढच्या वर्षी, बजेटमध्ये. तू फक्त सही कर. तुझ्या डोक्याला ताप नको." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आईचं काळीज, विरघळतंच. पोरगा वाईट नाही हो माझा. त्याने कारखाना तिप्पट केलाय, रात्रीचा दिवस केलाय. पण लहानपणी त्याला ताटातलं सगळं संपवायची सवय मीच लावली, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं मात्र शिकवलं नाही. ही माझी चूक.

मी मसुदा घरी नेला आणि ओळ न् ओळ वाचली. सातवी पास बाई, दोन रात्री लागल्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात स्वातंत्र्य, समता, बंधुता. वर बाबासाहेबांचा फोटो. आणि पाचव्या कलमात काय? शेअर फक्त मुलाच्या वंशात राहतील, मुलीला लग्नात दिलेलं आहे म्हणून ती हक्क सोडेल. समता लिहायला पान एक आणि ती पुसायला पान चौथं! ज्या पोरीने अकरा मेल केले, तिला हाकलायचं आणि ज्याने एकही वाचला नाही, त्याला सगळं द्यायचं. त्यात माझी सही. मी त्या रात्री ठरवलं. सही करायची नाही. आणि हेही ठरवलं, की घरात भांडत बसायचं नाही. जे बोलायचं ते जिथे बोलायचं तिथेच.

सहावा शनिवार. हॉलला फुलं लावलेली. भीमराजांनाही आणलं होतं, वॉकर घेऊन, नवा सफारी घालून. प्रत्येक घराने पुढे जायचं, घटनेचं पहिलं पान वाचायचं, सही करायची. आमचा नंबर आला. विक्कीने छान वाचलं. टाळ्या पडल्या. मग त्याने पेन माझ्या हातात दिलं.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"आई, प्लीज. इथे नको."

"इथेच. फी भरलीय ना? माझी सीट आहे ती, वाया नाही घालवायची." मी वर्गाकडे वळले नाही, त्याच्याकडेच बघून बोलले. "शेअर माझ्याकडेच राहतील, मी जिवंत आहे तोवर. माझ्या माघारी निम्मे तुला, निम्मे पिंकीला. कारखाना तूच चालव, तुला जमतो. पण सोमवारपासून सेन्सर बंद असलेली एकही प्रेस चालणार नाही. पुढचं वर्ष नाही, बजेट नाही. सोमवार. आणि शालनला भरपाई मिळेल, ती कायद्याने जितकी बसते तितकी, आणि कारखान्यातर्फे, तुझ्या खिशातून उपकार म्हणून नाही."

"ऑर्डर जाईल, आई! कस्टमर हातचा जाईल!"

"गेला तर दुसरा आणू. बोट दुसरं आणता येत नाही."

तेवढ्यात मागून भीमराजांचा आवाज आला. चढलेला. असा आवाज त्यांनी माझ्यावर कधी काढला नव्हता. "जाई, पुरे. नाटकं नकोत. तुझं नुसतं नाव होतं. राबलो मी. दोन-दोन शिफ्ट केल्यात. हे सगळं मी उभं केलंय."

 खरं सांगते, त्या वाक्याने मला जितकं लागलं तितकं आयुष्यात कशाने लागलं नाही. आणि एक क्षण मलाही ते पटलं. खरंच, नुसतं नाव तर होतं. पेन उचलावं आणि मोकळं व्हावं. पण मग भोसरीची शेड डोळ्यांपुढे आली, तो पत्रा, ते तापलेलं छप्पर.

"तुम्ही राबलात. कोण नाही म्हणतंय? पण तुम्ही फर्स्ट शिफ्टला कंपनीत असायचात, तेव्हा शेडमध्ये हँडप्रेस कोण ओढायचं? विक्की झोळीत आणि दांडा माझ्या हातात. शालन समोर बसून कानशीने कडा घासायची. तुम्ही तीन वाजता यायचात तेव्हा पाचशे नग तयार असायचे. ते काय माझ्या नावाने बनवले होते का? हाताने बनवले होते."



"तुमचा एकट्याचा दोष नाही," मी म्हणलं. "मीसुद्धा विसरले होते. तुम्ही म्हणत गेलात, नुसतं नाव आहे, आणि मी ऐकत गेले."

मग मी माझी पिशवी घेतली आणि जेवायला न थांबता घरी आले. जेवण गेलं. सर्टिफिकेटही गेलं. साबिया मॅडम जिन्यापर्यंत आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात हातात धरले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी त्यांना त्यांचं दुकान आठवलं असणार.

रविवारभर भीमराज माझ्याशी बोलले नाहीत. चहा दिला, प्यायले. भाकरी दिली, खाल्ली. विहारात मी एकटीच गेले. विक्की तर प्राधिकरणात राहणाऱ्या त्याच्या मित्राकडे जाऊन राहिला. रात्री मला झोप नाही. मनात येत होतं, जाई, साठाव्या वर्षी पोर तोडलंस, नवरा तोडलास. कशासाठी? पण शालनचा तो पदराखाली घेतलेला हात दिसला की पुन्हा मन घट्ट व्हायचं.

सोमवारी पहाटे पिंकी गाडी घेऊन आली. साडेसहाला आम्ही महाळुंग्यात. वॉचमनने या वेळी सलाम ठोकला, आतली बातमी बाहेर पोचली होती तर! फर्स्ट शिफ्ट लागत होती. बायका डोक्याला रुमाल बांधत होत्या. सुपरवायझर कादरभाई, वीस वर्षांपासूनचे आमच्याकडचे, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. 

"बाईसाहेब, विक्कीशेठचा फोन आला होता. लाइन थांबली तर घरी बसायचं, म्हणाले. मला दोन मुलींची लग्नं करायचीत."

"आणि मी सांगते, सेन्सरची किल्ली फिरवल्याशिवाय चालू करायची नाही."

"तुम्ही असं म्हणता. ते तसं म्हणतात. मी गरीब माणसाने कोणाचं ऐकायचं?" त्यांनी फोन काढला. "मी मोठ्या साहेबांना विचारतो."

मी काय म्हणणार? विचारा म्हणलं.  भीमराज बंद करू नका म्हणाले तर कादरभाई त्यांचंच ऐकणार, वीस वर्षं त्यांचंच ऐकत आलेत. तोवर बावीस प्रेस चालू झाल्या होत्या, धाड, धाड. त्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला. आजूबाजूच्या बायका जवळ सरकल्या. शालन झाडू घेऊन मागे उभी होती.

"साहेब, जाईबाई आल्यात. लाइन थांबवा म्हणतात. विक्कीशेठ चालू ठेवा म्हणतात. तुम्ही सांगा. तुम्ही मालक आहात."

  पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला.

"कादर, मी त्या वेळी फर्स्ट शिफ्टला होतो. दुसऱ्याच्या कंपनीत," भीमराज म्हणाले. "शेड ती चालवत होती. मला कशाला विचारतोस? समोर उभी आहे, तिला विचार."

कादरभाईंनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळले. डोळ्यांच्या धारा मला थांबवता येईनात. तशाच अवस्थेत मी त्यांना म्हणलं, "बंद करा. सगळ्या. सेन्सर लागल्याशिवाय एकही सुरू व्हायची नाही."